खिशातला महाग कॅमेरा : घेण्यापूर्वी अंतर मोजा

खिशात मावणारे, पण किमतीने लाखाच्या घरात जाणारे कॅमेरे सध्या हौशी छायाचित्रकारांत फार चर्चेत आहेत. काही वर्षांपूर्वी हा धंदा संपला असे बाजाराने गृहीत धरले होते आणि त्याला कारणही होते. २०१० मध्ये जपानी कंपन्यांनी जगभर सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे पाठविले होते. २०२३ मध्ये हा आकडा ८० लाखांच्याही आत आला. स्वस्त कॅमेरा मोबाइलने गिळला. उरला तो महाग कॅमेरा, आणि त्याचे गिऱ्हाईक म्हणजे हौशी माणूस. हौसेच्या भरात माणूस किंमत विचारतो, कंपनी विचारतो, किती मेगापिक्सेल ते विचारतो. आपल्याला फोटो कशाचा काढायचा आहे, हे मात्र विचारायचे राहून जाते.

आम्ही येथे गोंदिया जिल्ह्यातील ग्राहकापुरतेच बोलत आहोत. त्याच्यासमोर विषय कोणते? धानाच्या बांध्या, मामा तलाव, नवेगावबांध, नागझिरा आणि सारस. महाराष्ट्रात सारस आज मुख्यतः याच जिल्ह्यात टिकून आहे. पावसाळ्यात तो बांधीत किंवा तलावाकाठच्या गवतात घरटे करतो, आणि माणूस फार जवळ आला की अंड्यांवरून उठतो. तेव्हा कॅमेऱ्याची निवड हा येथे केवळ पैशाचा प्रश्न राहत नाही. ज्याच्या हातात जवळचे दाखविणारा कॅमेरा आहे, त्याचे पाय आपोआप घरट्याकडे वळतात.

थोडा हिशेब मांडू. सारस सुमारे दीड मीटर उंच धरला आणि आपण धुऱ्यावर १०० मीटरवर उभे आहोत असे मानले, तर जुन्या ३५ मि.मी. फिल्मच्या हिशेबातील ३५ मि.मी. लेन्समध्ये चौकटीची उंची सुमारे ६८ मीटर भरते. म्हणजे सारस चौकटीच्या पंचेचाळिसाव्या हिश्शाएवढा दिसेल. २०० मि.मी.ला तो आठव्या हिश्शाएवढा होतो आणि ६०० मि.मी.ला एक तृतीयांशाहून मोठा. दुकानदार म्हणेल, मेगापिक्सेल भरपूर आहेत, फोटो नंतर कापून घ्या. फुजीफिल्मचा एक्स १०० सिक्स हा फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेला कॅमेरा ४० मेगापिक्सेलचा आहे, लेन्स मात्र ३५ मि.मी.ची व न बदलणारी. वरील अंतरावर त्यात सारसाच्या उंचीला जेमतेम ११५ ठिपके येतात. सोनीचा आरएक्स १०० मार्क सेव्हन (२०१९) फक्त २० मेगापिक्सेलचा, पण २०० मि.मी.पर्यंत जाणारा, त्यात तेच ठिपके साडेचारशे होतात. चाळिसाहून वीस भारी पडले ते असे.

याचा अर्थ फुजी किंवा रिको जीआर थ्री (२८ मि.मी.) वाईट आहेत असा नाही. आठवडी बाजार, धानाची रोवणी, गिरणीतले हमाल, घरातील वडीलधाऱ्यांचे चेहरे यांसाठी ते अव्वल आहेत. मंद उजेडात त्यांचा मोठा सेन्सर जे काम करतो, ते झूमवाल्याला जमत नाही. ज्याला माणसे टिपायची आहेत त्याने तेच घ्यावेत. मात्र दीड लाखाच्या पुढचा कॅमेरा केवळ इतरांकडे आहे म्हणून घेऊन तो तलावावर न्यायचा, यात आम्हाला शहाणपण दिसत नाही.

दुसऱ्या टोकाला प्रचंड झूमचे कॅमेरे आहेत. निकॉनचा पी १००० हा २०१८ मध्ये ३००० मि.मी.चा आकडा घेऊन आला. त्याचे वजन १४०० ग्रॅमच्या पुढे, तेव्हा खिशाचा प्रश्नच मिटला. त्याचा सेन्सर जेमतेम २८ चौ.मि.मी., आणि पूर्ण झूमला लेन्सचे तोंड एफ ८ पर्यंत बारीक होते. सारस टिपण्याची वेळ पहाटेची, उजेड अपुरा; ऊन वर आले की ओल्या शेतावरची हवा लहरते आणि एवढ्या लांबून टिपलेला पक्षी पाण्यात पाहिल्यासारखा थरथरतो. ३००० हा आकडा खोक्यावर शोभतो.

सेन्सरच्या नावातही एक गंमत आहे. ‘एक इंची’ म्हणून विकला जाणारा सेन्सर कोणत्याही बाजूने एक इंच नसतो, तो १३.२ बाय ८.८ मि.मी., कर्ण सुमारे १६ मि.मी. हे माप जुन्या टीव्ही कॅमेऱ्याच्या नळ्यांवरून चालत आले. तरीही तो पी १०००च्या चौपट मोठा, आणि रिको-फुजीच्या सेन्सरच्या एक तृतीयांशाएवढा. आमच्या मते एकच कॅमेरा घ्यायचा असेल तर या जिल्ह्यात एक इंची सेन्सर आणि २०० मि.मी.ची पोच, हाच मेळ उपयोगी. वजन ३०० ग्रॅम, कुर्त्याच्या खिशात राहते. पक्ष्यांचेच वेड असेल त्याने खिशाचा हट्ट सोडून सोनी आरएक्स १० मार्क फोर (२०१७, ६०० मि.मी., सुमारे १.१ किलो) चांगल्या स्थितीत जुना मिळतो का, ते पाहावे.

मोबाइल असताना हे सारे कशाला, असा प्रश्न रास्त आहे. फोटो फक्त मोबाइलवरच पाहायचे व पाठवायचे असतील तर कॅमेऱ्यावर पैसा घालू नये, हे आम्ही स्पष्ट सांगतो. तथापि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनात मोबाइल वापरण्यास मनाई करण्याचे निर्देश दिले. नवेगाव-नागझिरा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तेथे जाणाऱ्याला स्वतंत्र कॅमेरा आता अधिकच लागेल.

खरेदीबाबत थोडेसे. डिजिटल कॅमेऱ्यावरील जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्के झाला. कोणी ‘बिनबिलाचा स्वस्त देतो’ म्हणाला तर खोके उलटून पाहावे : आयातदाराचे नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली नसेल तर तो माल मागच्या दाराने आलेला असतो, आणि भारतातील हमी त्याला लागू होईल या भरवशावर राहू नये. ‘बिनव्याजी हप्ता’ हाही नावापुरता असतो. बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी सूट दाखवितो, आणि त्या व्याजावरचा जीएसटी गिऱ्हाइकाच्या माथी येतो. रोख घेतल्यास किती कमी कराल, हे आधी विचारावे. दुकानात जाताना आपले मेमरी कार्ड न्यावे, समोरच्या रस्त्यावरचे चार फोटो काढून आणावेत आणि घरी मोठ्या पडद्यावर पाहावेत.

आणि गोंदिया हे भातगिरण्यांचे गाव आहे. आतबाहेर सरकणाऱ्या लेन्सच्या फटीतून तुसाची धूळ आत शिरते, आणि लेन्स निघत नसल्याने ती घरी पुसता येत नाही. मळणीच्या दिवसांत काम नसेल तेव्हा कॅमेरा बंद ठेवावा. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावा, नाहीतर लेन्सला बुरशी धरते.