बॅटरी गेली नव्हती

‘बॅटरी गेली, बदलून टाका.’ पाऊस सुरू झाला की मुलुंडात हे वाक्य गल्लोगल्ली ऐकू येतं. या आठवड्यात ते आमच्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची जुनी पेट्रोल गाडी सकाळी सेल्फ मारला की नुसती कण्हत होती. बॅटरी गेल्या दिवाळीत नवी घातलेली. मेकॅनिक आला, बॉनेट उघडलं, टर्मिनल हाताने हलवून पाहिलं आणि निकाल देऊन मोकळा झाला. मीटर लावला नाही, वायरीकडे बघितलंही नाही. काका पैसे काढायला लागले तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, जरा थांबा. आधी मला बघू द्या."

घरून माझी हत्यारांची पेटी आणली आणि मीटर लावला. बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे पूर्ण चार्ज. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरलं. "काका, मारा सेल्फ." आकडा १.२ व्होल्टवर गेला. तो पाव व्होल्टच्या आत राहायला हवा. या दोन टोकांमधल्या अर्थच्या वायरीची टेप सोलली तर आतून हिरवी भुकटी सांडली. कधीकाळी कुणीतरी तिथे लग, म्हणजे वायरीच्या टोकाचं नळी असलेलं कडं, छिन्नी-हातोडीने ठोकून बसवलं होतं आणि वर टेप गुंडाळून दिली होती.

हिशोब सरळ आहे. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ शंभर ते दोनशे अँपिअर खेचतो. २५ चौरस मिलिमीटरच्या मीटरभर तांब्याच्या वायरीत १५० अँपिअरला जेमतेम ०.१ व्होल्ट पडतो. पण एखाद्या सैल सांध्यात नुसते आठ मिलिओहम आले, की १.२ व्होल्ट तिथेच जातो आणि सेल्फ फिरत असेपर्यंत तेवढ्याशा जागेत १८० वॉटची उष्णता होते. बॅटरी कितीही नवी घाला, हा सांधा तिचा जोर खातच राहणार.

वायर घरी करायची ठरवली. माल लोहार चाळीतून आणला. वेल्डिंगची तांब्याची केबल घ्यावी. तिच्यात केसासारख्या बारीक शेकडो तारा असतात, त्यामुळे ती लवते आणि इंजिनच्या थरथरीला दाद देत नाही. एक गोष्ट मात्र दुकानातच तपासायची. एक तार चाकूने खरवडायची. आत पांढरी निघाली तर ते अ‍ॅल्युमिनियमवर चढवलेलं तांबं. त्याचा अवरोध शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. स्वस्त मिळतं म्हणून ते गाडीत घालू नये.

वरचं रबर लगाच्या नळीच्या खोलीइतकंच सोलायचं, एकही तार न कापता. सगळ्या तारा नळीत तळापर्यंत जायला हव्यात. दोन-चार बाहेर राहिल्या तर त्या छाटायच्या नाहीत, पुन्हा जुळवून बसवायच्या. मग लग दाबून बसवणारा हायड्रॉलिक क्रिम्पर, त्यात २५ चा षटकोनी डाय. पहिला दाब कड्याच्या बाजूला, दुसरा नळीच्या तोंडाकडे. एक नमुना करून तो मी मुद्दाम करवतीने आडवा कापला आणि काकांना भिंगातून दाखवला. गोल तारा एकमेकींवर दाबून मधाच्या पोळ्यासारख्या षटकोनी झालेल्या, मध्ये हवेला फट नाही. हवा नाही म्हणजे ओल नाही, आणि ओल नाही म्हणजे ती हिरवी भुकटी नाही. छिन्नीच्या घावाने नळी एका जागी चेपते, बाजूला पोकळी उरते. मुंबईच्या दमट हवेला तेवढी वाट पुरते. काहीजण लगात शिसं ओततात. ते तारांमधून वर चढतं, तिथे वायर ताठ होते आणि थरथरीने नेमकी त्याच काठावर तुटते. शेवटी आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, निगेटिव्हला काळी, पॉझिटिव्हला लाल. बसवताना बॉडीवरचा रंग घासून पत्रा उघडा करायचा. निगेटिव्ह टर्मिनल सगळ्यात आधी काढायचं आणि सगळ्यात शेवटी लावायचं. नाहीतर पाना बॉडीला टेकला की ठिणग्या उडतात. बऱ्याच नव्या गाड्यांत निगेटिव्ह टोकावर सेन्सर असतो, तिथे मात्र घरचा प्रयोग करू नका.

नवी वायर लावल्यावर तोच आकडा ०.१५ वर आला आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली.

आता खरं बोलायचं ते वेगळंच. हा क्रिम्पर माझा नाही. तो आमच्या ओळखीच्या एका निवृत्त फिटरचा. एल.बी.एस. मार्गावरच्या कारखान्यात त्यांनी उभी नोकरी केली. जुनी माणसं या रस्त्याला अजून आग्रा रोड म्हणतात. एके काळी इथे रिचर्डसन अँड क्रुडास होती, शेजारी भांडुपला गेस्ट कीन विल्यम्स होती. भोंगा झाला की पाळी सुटायची आणि सायकलींनी रस्ता भरून जायचा. त्या माणसांच्या घरी व्हाइस असायचा, कानस असायची, आणि शेजाऱ्याचं काही बिघडलं की ‘बघू, आण इकडे’ हे उत्तर असायचं. मी पक्कड धरायला शिकलो ते अशाच एका घराच्या ओट्यावर.

रस्त्यालगतच्या बऱ्याच कारखान्यांच्या जागी आता टॉवर आले. त्याबद्दल मला तक्रार करायची नाही, माणसांना घरं लागतात. पण त्या टॉवरमध्ये जिम आहे, टेबल टेनिस आहे, पार्टी हॉल आहे. लोखंड पकडायला एक साधा व्हाइस नाही. त्यामुळे तिथे राहणारा इंजिनिअर झालेला मुलगासुद्धा ‘बॅटरी गेली’ म्हटलं की मान डोलावतो. त्याला अक्कल कमी नाही. हात घालायला जागा नाही, आणि दाखवणारा माणूस दाराआड टीव्ही बघत बसलाय, कारण त्याला कुणी विचारतच नाही.

म्हणून आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मी ठराव मांडणार आहे. पार्किंगच्या कोपऱ्यात एक भक्कम लाकडी टेबल, त्यावर व्हाइस, एक मल्टिमीटर, आणि सगळ्यांच्या वर्गणीतून एक क्रिम्पर. तो काही हजारांत येतो; सभासदांत वाटला तर कुणाच्याच खिशाला जाणवणार नाही. शनिवारी दुपारी आमचे निवृत्त फिटर तिथे बसायला तयार आहेत. मी त्यांना विचारून आलोय. त्यांची एकच अट आहे: मुलांनाही पाठवा, आणि मुलींना तर नक्की पाठवा. काकांनी अनुमोदन द्यायचं कबूल केलंय. ज्यांच्या सोसायटीची सभा जवळ आली असेल त्यांनी हा विषय आपल्याही पत्रिकेवर घालून घ्यावा.