दोन दाखले

२५ जून २०२५ रोजी आणीबाणीला पन्नास वर्षे झाली. आदल्याच वर्षी, जुलै २०२४मध्ये, हा दिवस दरवर्षी ‘संविधान हत्या दिवस’ म्हणून पाळण्याचे केंद्र सरकारने जाहीर केले होते. आमच्या तालुक्याच्या गावीही सभा झाली. मिसाखाली तुरुंगात गेलेल्या माझ्या थोरल्या काकांना शाल-श्रीफळ मिळाले. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, आणि त्या टाळ्या मनापासूनच्या होत्या. काका आत असताना काकूने शिवणयंत्रावर घर चालवले, हे मी पाहिले आहे.

त्याच घरातली दुसरी गोष्ट मात्र व्यासपीठावरून कोणी सांगितली नाही. मीही नाही.

माझे वडील प्राथमिक शिक्षक. १९७६ साली मी सोळा वर्षांचा होतो. शिक्षकांना नसबंदीच्या ‘केसेस’ आणण्याचा कोटा ठरवून दिलेला होता. केस नाही, तर पगार नाही. दोन महिने पगार अडकला आणि तिसऱ्या महिन्यात वडील गावातल्या एका तरुण शेतमजुराला शिबिराला घेऊन गेले. ‘गुरुजी, तुम्ही म्हणता म्हणून येतो,’ एवढेच तो म्हणाला. त्याला एकच मुलगी होती. पुढच्या पावसाळ्यात ती तापाने गेली. वडिलांचा पगार सुरू झाला. पण त्या घरावरून जाणारी वाट त्यांनी कायमची सोडली.

असे किती जण असतील? शहा आयोगाच्या अहवालानुसार आणीबाणीत सुमारे १ लाख १० हजार लोकांना स्थानबद्धता वा अटक सोसावी लागली. नसबंदीच्या शस्त्रक्रिया १९७६-७७ या एकाच वर्षात ८० लाखांहून अधिक झाल्या. त्यांच्याशी संबंधित १,७७४ मृत्यूंची नोंद आयोगाने केली आहे. आपल्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयकही मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अडले. विरोधही झाला. दिल्लीच्या तुर्कमान गेटला एप्रिल १९७६मध्ये घरे वाचवायला लोक रस्त्यावर आले, तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला. तो लढा नव्हे तर काय होता? पण आपल्या सभांतून त्या वस्तीचे नाव क्वचितच ऐकू येते.

२०१८मध्ये राज्य सरकारने आणीबाणीतल्या बंदींसाठी मानधन सुरू केले. महिन्याहून अधिक तुरुंगवास झालेल्यांना दरमहा १० हजार रुपये, कमी झालेल्यांना ५ हजार. मी तेव्हा तालुक्याच्या शाखेत अधिकारी होतो. मंडळी तुरुंगाचे दाखले जपून घेऊन येत. एके दिवशी त्याच रांगेत एक विधवा बाई उभी होती. तिचे संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान जमा झाले नव्हते.

‘गुरुजींचा पोरगा ना तुम्ही?’ म्हणत तिने पिशवीतले सगळे कागद माझ्यापुढे मांडले. त्यात नवऱ्याच्या नसबंदीचा पिवळा पडलेला दाखला होता. ‘ह्यो बी लागंल का, साहेब?’

‘नाही, वहिनी,’ मी म्हणालो. योजनेचे नाव कोणाचे, हे तिच्या गावीही नव्हते. माझ्या चांगलेच ध्यानात होते.

दोन्ही दाखले एकाच राजवटीने दिलेले. एकाला मान आहे, दुसऱ्याला खिडकीवर विचारणारे कोणी नाही. ज्याच्या नावे वॉरंट निघाले, त्याची नोंद राहिली आणि पुढे त्याला पक्षही मिळाला. ज्याला हाताला धरून नेले, त्याच्या मागे कोणी नव्हते. आणि ज्याने नेले, तो माझ्या वडिलांसारखा गप्प राहून मेला. घरातल्या अशा माणसांबद्दल आपणही बोलत नाही. नुसता सरकारला दोष देऊन कसे चालेल?

सभेनंतर हे सारे मी काकांना सांगितले. बराच वेळ ते शालीचे गोंडे चाळवत बसले. मग म्हणाले, ‘मी आत होतो, म्हणून मला कोटा नव्हता. पुढच्या वर्षी माझ्याआधी तू बोल.’