वकट, लेंड आणि चारशे चार

विटीदांडू हातात घेतलेले तुमच्यापैकी किती जण असतील याची मला शंकाच आहे. पण तुमच्या वडिलांना विचारा, नाहीतर आजोबांना विचारा. जमिनीतल्या खळीवर विटी आडवी ठेवून दांडूने कोलायची आणि मग पुढची मोजणी सुरू करायची. या मोजणीत एक, दोन, तीन असे साधे आकडे कधीच येत नसत. आम्ही म्हणायचो: वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वेद, झंकू. प्रत्येक शब्दागणिक विटी वेगळ्या जागी ठेवून टोलवायची. कधी पायाच्या चवड्यावर, कधी मुठीवर, कधी डोळ्यावर. शब्दांचा अर्थ कोणी विचारला नाही आणि कोणी सांगितलाही नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आठवीतल्या माझ्या भाच्याने तो विचारला. "मामा, वकट म्हणजे काय?" मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, अडचणीचा प्रश्न आला की विषय बदलण्याची कला आम्हा शिक्षकांना चांगली अवगत असते. मी म्हटले, "खेळातले शब्द आहेत, त्यांना अर्थ नसतो." त्याला ते पटले नाही. खरे सांगायचे तर मलाही पटले नव्हते. तेव्हा आम्ही दोघे संगणकापुढे बसलो.

पुढचा तासभर कसा गेला हे तुम्हाला सांगायला नको. तुम्हीही या वाटेने गेला असालच. पहिले पान उघडले तर मजकुराच्या आधी पाटी पुढे: 'कुकी स्वीकारता काय?' ती बाजूला सारली तर दुसरी पाटी. दुसऱ्या दुव्यावर गेलो तर '४०४, पान सापडले नाही'. तिसरे पान सापडले, पण ते युनिकोडच्या आधीच्या एखाद्या मराठी फाँटमध्ये लिहिलेले असल्याने पडद्यावर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा सडा पडला होता. शेवटी वाचता येतील अशी अकरा पाने मिळाली. अकराही पानांवर एकच परिच्छेद होता, आणि अकराही ठिकाणी 'मूंड'च्या जागी 'मूंग' असे छापले होते.

भाचा म्हणाला, "मामा, अकरा जण सांगतात म्हणजे खरेच असणार." इथे मात्र मी त्याला थांबवले. परीक्षेत अकरा मुलांनी एकाच गणितात एकच चूक केली, तर परीक्षक काय समजतात? अकरा जणांनी स्वतंत्रपणे विचार केला असे नव्हे, एकाने लिहिले आणि दहांनी पाहिले असे समजतात. जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणारे हीच युक्ती वापरतात. दोन पोथ्यांत तीच चूक त्याच जागी आढळली, तर दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून उतरवलेल्या असाव्यात असे ते धरून चालतात. बरोबर मजकूर दोघे स्वतंत्रपणेही लिहू शकतात. नेमकी तीच चूक दोघांकडून स्वतंत्रपणे होणे अवघड. म्हणजे आमच्याजवळ अकरा साक्षीदार नव्हते, एकच होता, आणि तोही मूंगवाला!

उत्तर मिळाले ते महाविद्यालयातल्या एका सहकाऱ्याकडून. ते नांदेड जिल्ह्यातल्या देगलूरकडचे, घरी तेलुगू बोलणारे. त्यांनी बोटांवर मोजून दाखवले: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु, आरु, एडु. तेलुगू बोलताना आरंभीचा 'ओ' बहुधा 'वो' असा उच्चारतात आणि 'ए' हा 'ये' असा. वोकटि आणि वकट. रेंडु आणि लेंड. नालुगु आणि नाल. आम्ही ज्याला अर्थहीन बडबड समजत होतो, ती एक, दोन आणि चार अशी सरळ गणती होती.

पण मूळ सापडले म्हणून लगेच टाळी वाजवू नका. जे जुळले नाही तेही पाहा, कारण खरी माहिती तिथेच दडलेली असते.

मूंड घ्या. आजच्या तेलुगूत तीनला मूडु म्हणतात, त्यात अनुस्वार नाही. मग आपल्या शब्दात तो कोठून आला? तेलुगूच्या जुन्या लेखनात या शब्दावर अर्धा अनुस्वार लिहीत असत. पूर्वी तिथे एक अनुनासिक होते, ते झिजून गेले. तेलुगूने टाकलेला हा नाकातला स्वर विटीदांडूत शिल्लक असावा! विदर्भात बोलल्या जाणाऱ्या गोंडी भाषेतही तीनला मुंड म्हणतात. मग आपली गणती गोंडी का नसावी? पण गोंडीत एकला उंदी आणि सहाला सारुंग म्हणतात. ते वकट आणि आर यांच्याशी जुळत नाहीत. कन्नडातला एक म्हणजे ओंदु, तोही वकटपासून दूर. म्हणून पारडे तेलुगूकडे झुकते.

आता 'आर' पाहा. तेलुगूत आरु म्हणजे सहा. आमच्या खेळात तो पाचवा आहे. पाच कोठे गेले? पिढ्यान् पिढ्या मुलांच्या तोंडून जाताना कधीतरी 'ऐदु' गळून पडला आणि मागचे सगळे एकेक घर पुढे सरकले, असे मला वाटते. मग सहावा 'वेद' म्हणजे सातचा येडु असणार. आणि झंकू? तो यांपैकी कोणत्याच भाषेतल्या आठाशी जुळवता येत नाही. मी तो जुळवण्याचा प्रयत्नही करणार नाही. ओढून-ताणून सगळे जुळवण्यापेक्षा एक शब्द मोकळा राहिलेला बरा.

हे शब्द आपल्याकडे आले कसे? आपल्या शहरात राहणाऱ्याला एक उत्तर चटकन सुचते. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारे लोक एका राज्यात राहत. मनमाडहून निघालेला रेल्वेमार्ग आपल्या शहरावरून थेट सिकंदराबादेस जातो. तेव्हा निजामाच्या काळात शब्द आले असतील! कल्पना किती नीटस आहे. पण पुण्याकडची आणि कोकणातली माणसेही लहानपणी हीच वकट-लेंडची गणती म्हणत, आणि ती मुले काही निजामाची प्रजा नव्हती. एका विरुद्ध उदाहरणाने आपली कल्पना डळमळली. प्रयोगशाळेत असे झाले की आपण गृहीतक टाकून देतो; भाषेच्या बाबतीत मात्र आपण ते अभिमानाने पुढे पाठवतो. याची मला चीड येते.

अशा नीटस गोष्टी जगभर आहेत. 'रिंगा रिंगा रोझेस' हे इंग्रजी गाणे बालवर्गात सगळ्यांनी म्हटलेले असते. ते १६६५ च्या लंडनमधील प्लेगचे वर्णन आहे असे तुम्हाला कोणीतरी गंभीर चेहऱ्याने सांगितले असेल. हे गाणे इंग्लंडात छापलेले मिळते ते १८८१ सालच्या केट ग्रीनअवे यांच्या पुस्तकात, म्हणजे प्लेगनंतर २१६ वर्षांनी; आणि प्लेगची कथा त्याला चिकटली ती विसाव्या शतकात. गाण्याच्या अनेक पाठांत शिंक नाहीच, आणि गाठीच्या प्लेगचे मुख्य लक्षणही शिंक नव्हे. बालगीतांचे अभ्यासक आयोना आणि पीटर ओपी यांनी ही कथा मानली नाही. तरी ती चालतेच, कारण ती ऐकताना अंगावर काटा येतो.

आम्हाला अडवणाऱ्या त्या ४०४ लाही अशीच एक कथा चिकटली आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी वेब निर्माण केले. तिथे ४०४ क्रमांकाच्या खोलीत फायली ठेवलेल्या असत आणि त्या सापडत नसत, म्हणून हा आकडा, असे सांगतात. बर्नर्स-ली यांचे सहकारी रॉबर्ट कायो यांनी ही गोष्ट साफ खोटी असल्याचे सांगितले आहे. खरे कारण रूक्ष आहे. उत्तरांना तीन अंकी क्रमांक दिले. त्यातील ४ ने सुरू होणारे क्रमांक म्हणजे मागणी करणाऱ्याच्या बाजूची चूक, आणि त्या यादीतला ४०४ हा क्रमांक 'सापडले नाही' याचा.

आता ब्राउझरची खरी वकट-लेंड ऐका. ब्राउझर एखाद्या संगणकाकडे पान मागतो, तेव्हा आधी आपली ओळख सांगतो. क्रोम असो, सफारी असो की एज असो, ही ओळख 'मोझिला' या शब्दाने सुरू होते. मोझिला हे १९९४ च्या नेटस्केप ब्राउझरचे घरगुती नाव. त्या काळी काही संगणक मोझिला म्हणणाऱ्यालाच चांगले सजवलेले पान देत. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरनेही मोझिला म्हणायला सुरुवात केली. मग पुढच्याने, मग त्याच्या पुढच्याने. नेटस्केपचा कारभार २००८ मध्ये बंद झाला. शब्द राहिला. पान मागताना आपण कोणत्या पानावरून आलो हेही ब्राउझर कळवतो. त्या ओळीचे नाव 'रेफरर'. या इंग्रजी शब्दाच्या मध्यभागी 'आर' हे अक्षर जोडीने यावयास हवे. १९९६ च्या नियमपत्रकात ते एकदाच आले. चूक लक्षात येईपर्यंत जगातील संगणक तेच लेखन शिकून बसले होते. आता ते शुद्ध करावयास जाल तर ऐकणारा ओळखणार नाही. म्हणून आजही अशुद्ध शब्दच जातो. (गंमत पाहा, इकडे पाचवा गळाला आणि आर उरला, तिकडे आरच गळाला.)

कुकीचेही तसेच. वेबच्या मूळ रचनेत स्मरणशक्ती नाही. प्रत्येक मागणी तिला नवी वाटते. म्हणून १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मोंटुली यांनी पाहुण्याच्या हाती एक लहानशी चिठ्ठी देऊन ठेवण्याची युक्ती काढली आणि जुन्या संगणकतज्ज्ञांच्या बोलीतला शब्द तिला लावला. तो शब्द आज तुम्ही दिवसातून दहा वेळा न वाचता स्वीकारता. आम्ही विटी टोलवताना आर म्हणायचो तसेच.

शिक्षकांपैकी काहींना वाटेल, पोरांचे खेळ कोठे आणि विज्ञान कोठे! विश्वनाथ खैरे हे पेशाने अभियंता होते. मराठीचे तमिळशी असलेले नाते शोधताना त्यांनी आपल्या एका पुस्तकाला 'अडगुलं मडगुलं' असेच नाव दिले. त्यांचे निष्कर्ष सगळ्या भाषाशास्त्रज्ञांना मान्य नाहीत. पण पाळण्याजवळचे शब्द तपासण्याजोगे आहेत हे त्यांना दिसले, आणि ते मला मोलाचे वाटते.

माझे म्हणणे असे की विज्ञान मंडळाच्या वर्गांतून पुढील सहा महिन्यांत हे काम व्हावे. विटीदांडूची मोजणी, सागरगोट्यांची बोली, राज्य कोणावर हे ठरवण्याचे शब्द, हे सारे साठीच्या पुढच्या माणसांकडून उतरवून घ्यावे. संगणकावर ते मिळणार नाही. तिथे मूंग आहे. एका वहीत बोलणाऱ्याचे गाव, साधारण वय आणि खेळल्याचा काळ लिहा. शब्द जसा ऐकू आला तसाच लिहा. आजी मूंड म्हणाली तर मूंड, मुंडी म्हणाली तर मुंडी. पाचव्या जागी आर आहे, की कोणाकडे अजून ऐद शिल्लक आहे, हे मुद्दाम पाहा. ऐद कोणत्या गावापर्यंत आहे आणि कोठून पुढे नाही, हे नकाशावर टिंबांनी दाखवता आले तर पाच नेमका कोठे गळला याचा अंदाज येईल. आणि आजोबांना 'बरोबर शब्द कोणता?' असे विचारू नका. तसे विचारले की ते तुमच्यासाठी तो सुधारून सांगतील. त्यापेक्षा त्यांच्या हाती दांडू द्या आणि मोजायला सांगा.