सिहोऱ्यात प्रतिनिधी बदलले, पाण्याचा प्रश्न कायम

तुमसर तालुक्यातील सिहोरा परिसराचे राजकारण धानाच्या पाण्याभोवती फिरते. २००४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघाने प्रफुल्ल पटेल यांना पराभूत करून शिशुपाल पटले यांना दिल्लीला पाठविले; २००९ मध्ये नव्या भंडारा-गोंदिया मतदारसंघाने पटेल यांनाच निवडले. प्रतिनिधी बदलले, शेतकऱ्यांची मागणी मात्र तीच राहिली.

सोंड्याटोला उपसा सिंचन योजनेद्वारे बावनथडी नदीचे पाणी चांदपूर जलाशयात सोडले जाते. नदी भरून वाहते ती पावसाळ्यात. नेमके तेव्हाच वीजबिल थकलेले वा पंप नादुरुस्त असले, तर पाणी डोळ्यांदेखत वाहून जाते. त्यानंतरच्या निवेदनांनी व मोर्चांनी जलाशय भरत नाही. देयक व दुरुस्तीची तरतूद लोकप्रतिनिधींनी उन्हाळ्यातच मंजूर करून घेतली, तरच रोवणीला पाण्याची हमी मिळेल.