पार्वोतून उठलेले पिलू

चार-पाच दिवस सलाईनवर काढलेले पिलू दवाखान्यातून नंदुरबारच्या घरी परतते, उंबऱ्यात शेपूट हलवते आणि सर्वांच्या जिवात जीव येतो. आजी तुपात कालवलेला भात आणतात, मुले पेढा पुढे करतात. पिलाचे खरे पथ्य नेमके याच घटकेपासून सुरू होते.

कुत्र्यांमधील हा पार्वो विषाणू १९७८ च्या सुमारास प्रथम ओळखला गेला आणि अल्पावधीत जगभर पसरला. शरीरात भराभर वाढणाऱ्या पेशींवर तो घाला घालतो. म्हणून आतड्याचे अस्तर आणि हाडांतील मज्जा यांची सर्वाधिक हानी होते. उलट्या व रक्तमिश्रित जुलाब थांबले तरी ते अस्तर लगेच पूर्ववत होत नाही. भूक आधी परतते, पचनशक्ती मागाहून. म्हणून पहिल्या आठवड्यात दिवसभराचे अन्न पाच-सहा वेळांत विभागून, थोडे थोडे द्यावे. मऊ शिजवलेला बिनमिठाचा भात आणि त्यात पाणी निथळलेले, कमी स्निग्धांशाचे घरचे पनीर कुस्करून घालावे. तूप, दूध, फरसाण, मिठाई पूर्ण वर्ज्य. नेहमीच्या खाद्याकडे पाच-सात दिवसांत हळूहळू वळावे.

पशुवैद्य बहुधा उकडलेले मांस किंवा अंडे सुचवतात. आपले घर शाकाहारी आहे, हे त्यांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे, म्हणजे ते त्यानुसार आहार आखून देऊ शकतील. संकोचाने मान डोलवायची आणि घरी येऊन नुसता वरणभात वाढायचा, यात पिलाचेच नुकसान होते. वाढत्या वयात त्याला प्रथिने भरपूर लागतात. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी असतात; ज्या स्वयंपाकघरात ते शिरतच नाहीत, तेथे ही एक चिंता आपोआप मिटते. मनुका मात्र तितक्याच घातक आहेत आणि त्या सुक्या मेव्याच्या डब्यात हमखास असतात.

चौविहार पाळणाऱ्या घरात आणखी एक प्रश्न उभा राहतो. सूर्यास्तानंतर स्वयंपाकघर आवरले जाते. पिलाला मात्र रात्री नऊ-दहाच्या सुमारास एक लहान खाणे हवे असते आणि पाणी तर रात्रभर समोर हवे. व्रत हे ते स्वीकारणाऱ्याचे असते. पिलाने काही ते घेतलेले नाही. भात दिवसाउजेडी शिजवून थंड जागी झाकून ठेवावा आणि रात्री घरातील एखाद्याने तो भरवावा. पिण्यासाठी उकळून गार केलेले पाणी अशा घरांत असतेच. तेच पिलालाही द्यावे.

बरे वाटू लागल्यावरही पिलाच्या विष्ठेतून विषाणू काही आठवडे बाहेर पडू शकतो. दाराशी येणाऱ्या कुत्र्यांना पोळी घालण्याची रीत अनेक घरांत आहे. त्या कुत्र्यांबरोबर लस न मिळालेली गल्लीतील पिलेही येतात आणि हा रोग त्यांच्यात पसरला तर त्यांना सलाईन कोण लावणार? म्हणून निदान महिनाभर पोळीची जागा अंगणापासून दूर न्यावी, पिलाला गल्लीत सोडू नये, त्याची विष्ठा लगेच उचलून पिशवीत बांधून टाकावी. चपला-बुटांच्या तळव्यांनाही विषाणू चिकटतो.

साध्या फिनाईलने तो मरत नाही. फरशी आधी साबणाने धुवावी. मग सोडियम हायपोक्लोराइटच्या सुमारे ५ टक्के द्रावणाचा एक भाग तीस भाग पाण्यात मिसळून ती दहा मिनिटे ओली ठेवावी. हे द्रावण शौचालयाच्या ॲसिडात कधीही मिसळू नये, विषारी वायू निर्माण होतो. मातीच्या अंगणात हा उपाय चालत नाही. सावलीतील ओलसर मातीत विषाणू महिनोन्‌महिने तग धरतो. तेथे ऊन लागू द्यावे आणि पूर्ण लसीकरण न झालेले दुसरे पिलू वर्षभर तरी आणू नये. माणसांना या विषाणूची बाधा होत नाही, तरी हात धुणे आलेच.

नंदुरबार हे मिरचीचे गाव. व्यापाऱ्याच्या घरी मिरचीची पोती पडवीत असतील, तर पिलाची गोधडी त्या धुळीपासून लांब, आतल्या उबदार कोपऱ्यात असावी. थंडीच्या पहाटे त्याला नुसत्या फरशीवर निजवू नये.

धडगावसारख्या डोंगराळ भागातून घाट उतरून मोठ्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत बराच वेळ जातो. तेथे लक्षणे ओळखण्यात दिरंगाई परवडत नाही. उलट्या पुन्हा सुरू होणे, विष्ठेत रक्त दिसणे, पाण्यालाही तोंड न लावणे, हिरड्या पांढुरक्या पडणे, पोटाला हात लावताच कण्हणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. पार्वोनंतर क्वचित आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरतो आणि मग शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. उरलेली औषधे, पिलू उड्या मारू लागले तरी, सांगितलेल्या दिवसांपर्यंत द्यावीत.

पार्वो होऊन गेलेल्या कुत्र्याला त्या रोगाविरुद्ध दीर्घकाळ प्रतिकारशक्ती लाभते. डिस्टेंपर आणि रेबीज मात्र वेगळे रोग आहेत. अशक्तपणा ओसरल्यावर पशुवैद्यांना विचारून जंतांचे औषध आणि राहिलेल्या लसींच्या तारखा ठरवून घ्याव्यात. पिलू वयाचे सोळा आठवडे पूर्ण करीपर्यंत लसींची मालिका चालते. त्या तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, पर्वतिथींच्या शेजारीच, लिहून ठेवल्या म्हणजे विसरत नाहीत.