‘अव्वल दोन टक्के’ म्हणजे नेमके काय?

दरवर्षी सप्टेंबरच्या सुमारास एक बातमी हमखास येते: अमुक महाविद्यालयाचे प्राध्यापक ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत’. सोबत शाल-श्रीफळाचे छायाचित्र. मागे आमच्याकडेही असे पेढे वाटले गेले, मीही आनंदाने खाल्ले. तेव्हा वॉर्डातल्या एका आजोबांच्या मुलाने विचारले, “सर, म्हणजे बाबांना त्यांनाच दाखवायला हवं का?” त्याला उभ्या उभ्या नीट उत्तर देता आले नाही.

ही यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डॉ. जॉन आयोआनिडिस आणि त्यांचे सहकारी काढतात. एखाद्याच्या शोधनिबंधांचा आधार इतर संशोधकांनी किती वेळा घेतला, म्हणजेच ‘सायटेशन’, हा तिचा पाया. त्यात एच-इंडेक्सही येतो. हे माप २००५ साली जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवले. तुमच्या निबंधांपैकी दहा निबंधांचा प्रत्येकी किमान दहा वेळा आधार घेतला गेला असेल, तर तुमचा एच-इंडेक्स दहा. सोपे आहे, म्हणूनच ते सगळीकडे पसरले.

घोळ होतो तो दोन वेगळ्या विषयांतली माणसे एकाच काट्यावर तोलताना. २०१५ साली हिग्ज बोसॉन या कणाच्या वस्तुमानावर एक निबंध आला. त्याचे लेखक होते ५,१५४. तेहतीसपैकी चोवीस पाने नुसती नावे आणि संस्थांची! एवढे मोठे यंत्र उभारायला खरोखरच हजारो हात लागतात, त्यामुळे त्यात लबाडी नाही. पण गणितात एकट्याने वर्षानुवर्षे बसून एक सिद्धता लिहिणाऱ्याशी या लेखकांची तुलना कशी करायची? आयोआनिडिस यांच्या यादीत म्हणूनच लेखकांच्या रांगेतली जागा पाहतात, स्वतःच स्वतःचे दिलेले संदर्भ वगळूनही आकडे देतात आणि संशोधकांना १७४ उपविषयांत विभागतात. यादी बातमीत दिसते त्यापेक्षा बरीच काळजीपूर्वक केलेली आहे, हे मान्य करायला हवे.

तरीही काही गोष्टी तिच्यातून निसटतात. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर आयुष्य घालवले. रक्तदाबाची प्राझोसिन ही स्वस्त गोळी वेळेत दिली, तर रुग्ण वाचतात, हे त्यांनी दाखवले. त्यांचे काम ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात आले. पण विंचूदंश हा लंडन-बोस्टनचा आजार नाही. त्यावर संशोधन करणारे मुळात मोजके, मग संदर्भ देणार कोण? कर्करोगावरच्या मध्यम दर्जाच्या निबंधालाही याहून जास्त वाचक मिळतात. रात्री अकराला पोराला खांद्यावर टाकून आलेल्या बापाच्या दृष्टीने कोणते काम मोठे, हे सायटेशन सांगत नाही.

उलट उदाहरण जर्मनीतले भूलतज्ज्ञ योआखिम बोल्ट यांचे. निबंध शेकड्यांनी, संदर्भ भरपूर. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला शिरेतून द्यायच्या स्टार्चयुक्त द्रवाचे ते मोठे पुरस्कर्ते. २०१०-११ मध्ये उघड झाले की, त्यांच्या अनेक अभ्यासांना नैतिक समितीची परवानगीच नव्हती. पुढे त्यांचे शंभराहून अधिक निबंध मागे घेण्यात आले. मग २०१३ साली ‘जामा’मध्ये एक विश्लेषण आले. बोल्ट यांचे सात अभ्यास बाजूला काढून उरलेल्यांची बेरीज केली, तेव्हा या द्रवाने मृत्यू आणि मूत्रपिंडाची इजा वाढते असे दिसले. ते सात अभ्यास बेरजेत असेपर्यंत धोका झाकलेला होता. तोवर अतिदक्षता विभागांत ही सलाइन लावणाऱ्या आम्हा डॉक्टरांचा हेतू चांगलाच होता.

आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयात बढतीसाठी शोधनिबंधांची अट आहे. अट वाईट नाही. शिकवणाऱ्याला प्रश्न पडायला हवेत. पण ओपीडीत सकाळपासून दीड-दोनशे रुग्ण पाहणाऱ्या तरुण सहायक प्राध्यापकाला ‘सर, लेखकांत नाव घालून देतो, इतके पैसे’ असा फोन येतो, तेव्हा त्या अटीचे काय झाले ते कळते. माझ्या एका विद्यार्थ्याने असा संदेश मला दाखवला होता. पहिल्या नावाचा दर वेगळा, तिसऱ्याचा वेगळा, अगदी भाजीच्या पाटीसारखा. त्याने तो पुसून टाकला. दुसऱ्या कुणी नसेल पुसला, तर त्याला मी फार दोषही देणार नाही. दोष मोजणाऱ्यांचा अधिक आहे.

निवड समितीवर बसायची वेळ आली की मी यादी मिटवून ठेवतो आणि उमेदवाराला म्हणतो, यातला एकच निबंध निवडा आणि त्यातले रुग्ण कुठून आणले ते सांगा. ज्याने काम केलेले असते तो खुलतो. कोणत्या रुग्णाने मध्येच उपचार सोडले, कोणता तपास रुग्णालयात होत नव्हता, सगळे सांगतो. याला दहा मिनिटे लागतात. पंचवीस उमेदवार असले की जेवणाची सुट्टी बुडते, आणि समितीतले इतर सदस्य घड्याळाकडे पाहू लागतात.