ठरावाला हात वर करण्याआधी नळ उघडून बघा

मित्रांनो, पोस्ट जरा मोठी आहे. पण घागरी घेऊन रांगेत तासन् तास उभं राहणारी माणसं आपण. पाच मिनिटं वाचाल ही अपेक्षा.

आमच्या गावात मध्यंतरी ग्रामसभा झाली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. धाराशिव जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे. देवळापुढं पंचवीस-तीस माणसं, त्यात बाया चार. भाऊसाहेबांनी विषय वाचला : गाव 'हर घर जल' घोषित करणे. सवयीनं हात वर जाणार, तेवढ्यात मागून एक आजी म्हणाली, "आरं, नळ बसलाय. पाणी कवा बसणार?"

सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. कारण अख्ख्या योजनेचा हिशेब त्या म्हातारीनं एका वाक्यात मांडला होता.

१५ ऑगस्ट २०१९ ला लाल किल्ल्यावरून जल जीवन मिशनची घोषणा झाली. २०२४ पर्यंत प्रत्येक ग्रामीण घरात नळ. माणशी रोज ५५ लिटर, पिण्यालायक, नियमित. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. पंधरा लिटरच्या घागरीनं मोजलं तर रोज अठरा घागरी. तुमच्या घरात येतात का अठरा घागरी? २०२४ संपलं. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मुदत २०२८ पर्यंत वाढवली. सरकारची मुदत वाढते हो, पण आमच्या बायकांच्या डोक्यावरची घागर कुठं उतरते?

आणि हे काही पहिलं आश्वासन नाही. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार आलं, २०१९ पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करायचा होता. साडेनऊ हजार कोटींच्या वर खर्च झाला, आणि २०२० मध्ये कॅगनं अहवालात लिहिलं की पाण्याच्या गरजेवर आणि भूजलावर फारसा परिणाम दिसत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये औरंगाबादच्या मंत्रिमंडळ बैठकीत मराठवाड्यासाठी ४९ हजार कोटींच्या घोषणा झाल्या. २०१८ मध्ये वॉटर ग्रिडसाठी इस्रायलच्या मेकोरोट कंपनीशी करार झाला. अकरा धरणं पाइपनं जोडणार होते. सरकारं बदलली, फायली फिरल्या, बातम्या छापून आल्या. आमच्या गावाला त्या ग्रिडचा थेंब दिसलेला नाही.

त्याच २०१८ च्या जानेवारीत आपला जिल्हा देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. आकांक्षा तर आमच्याकडं ढिगानं आहेत, साहेब. पाणी नाही.

स्वच्छतेचंही तेच. एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. १२ हजार रुपये अनुदान मिळालं, शौचालय उभं राहिलं, फोटो निघाला. पण जिथं पिण्याचा जार विकत आणतात, तिथं दोन बादल्या संडासात ओतायच्या कुणी? आमच्या गल्लीतल्या दोन शौचालयांत आज सरपण आहे. पाण्याशिवाय संडास म्हणजे चार भिंती आणि एक दार.

आता कुणी म्हणेल, पाऊसच नाही तर सरकार काय करणार? २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूममध्ये पुराचं पाणी घरांत शिरलं, माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. त्यामुळं प्रत्येक वेळी आभाळाकडं बोट दाखवू नका.

दुसरे म्हणतील, निधी अडकलाय, ठेकेदारांची बिलं थकलीत. हे खरं आहे, आणि त्यांचे पैसे मिळालेच पाहिजेत. पण मग फलकावर 'काम अपूर्ण, निधी नाही' असं लिहा. अपूर्ण कामाला पूर्ण म्हणायला गावाची सही का मागता?

एकट्या सरकारलाही बोल लावून भागणार नाही. या योजनेत गाव जागं करायला सहाय्य संस्था नेमल्या जातात, त्यांना त्याचे पैसे मिळतात. कामाची त्रयस्थ तपासणी होते, तिचेही पैसे लागतात. सल्लागार आराखडा करतो. मग कोरड्या विहिरीवर टाकी उभी राहिलीच कशी? कागदावर सगळ्यांच्या सह्या आहेत, जबाबदार मात्र कुणीच नाही.

आणि आता आपलं. सरकारी नोंदीत गाव दोन पायऱ्यांनी 'हर घर जल' होतं. आधी खातं कळवतं की काम झालं. पण प्रमाणित व्हायला ग्रामसभेचा ठराव लागतो. म्हणजे शेवटची सही आपली आहे! दिल्लीची नाही, मुंबईची नाही. आणि ती आपण चहा पिता पिता देऊन टाकतो. "ठराव दिला नाही तर निधी परत जाईल" अशी भीती घातली जाते. अहो, खोटा ठराव दिला तर गाव कागदावर पूर्ण होतं. मग पुढचा निधी मागायचा कुठल्या तोंडानं?

म्हणून चार गोष्टी करा. एक, किमान एक महिना रोज नळ किती वेळ चालला याची नोंद ठेवा, आणि ती बायांनी ठेवावी. दोन, पाणी तपासायचं किट आणि त्यासाठी शिकवलेल्या पाच महिला गावात आहेत का, हे विचारा. तीन, ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या महिला असायला हव्यात. त्यांची नावं त्यांना स्वतःला तरी माहीत आहेत का बघा. चार, आराखडा, उद्भवाची क्षमता आणि तपासणी अहवाल माहिती अधिकारात मागा.

आमच्या ग्रामसभेत मी उठून एवढंच म्हणालो, की आधी उन्हाळा जाऊ द्या, मे महिन्यात नळाला पाणी आलं तर मीच ठराव मांडतो. थोडी बाचाबाची झाली. एकजण म्हणाला, तुला विकास नकोय. शेवटी विषय तहकूब झाला. लहान गोष्ट आहे, पण त्या दिवशी आमच्या गावानं खोटं लिहून दिलं नाही.

तुमच्या गावात नळाला किती दिवसाआड पाणी येतं? गावाच्या नावासकट कमेंटमध्ये लिहा. नुसतं "बरोबर आहे दादा" नको. आकडा लिहा.